हुप्पा: चार काठ्या आणि एक कापड

आजचं वाचन: योएल २:१२–१७. सोबत स्तोत्र १९:१–६ आणि यशया ४ वाचावा.



काल आपण योएलचा पहिला अध्याय वाचला. टोळधाड आली, द्राक्षवेल गेली, अंजिराची साल सोलून निघाली, मंदिरात अर्पण करायला धान्य उरलं नाही. आज दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो, आता मनापासून माझ्याकडे फिरा. सियोनात कर्णा वाजवायचा, उपास जाहीर करायचा, सगळ्यांना गोळा करायचं. वडीलधारे या, लेकरं या, अंगावर पिणारी बाळंसुद्धा आणा. आणि मग सोळाव्या वचनाच्या शेवटी एक जोडपं येतं. नवऱ्या मुलाने आपल्या खोलीतून बाहेर यावं आणि नवरीने तिच्या... इथे मूळ हिब्रूमध्ये जो शब्द आहे तो आहे "हुप्पा".

खरं सांगायचं तर गेले आठ दिवस मी या एका शब्दापाशी अडकलोय. आजचं मनन नेहमीपेक्षा लांब होणार, सांभाळून घ्या.

हुप्पा हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ झाकणे, आच्छादणे. आज जगभर यहुदी लग्नांत वधूवर ज्या छताखाली उभे राहतात त्याला हेच नाव आहे. जुन्या करारात हा शब्द या अर्थाने फक्त तीनदा येतो: स्तोत्र १९:५, योएल २:१६ आणि यशया ४:५. भाषांतरं वाचताना हे आपल्या लक्षात येत नाही, कारण भाषांतरकार प्रत्येक ठिकाणी संदर्भ बघून वेगळा शब्द घालतात. इंग्रजी किंग जेम्स बायबलमध्येही तसंच आहे. एका ठिकाणी दालन, दुसऱ्या ठिकाणी आतली खोली, तिसऱ्या ठिकाणी चक्क संरक्षण. त्यामुळे हे तिन्ही धागे एकमेकांना बांधलेले आहेत हे दिसतच नाही.

मला दिसलं ते एका फोटोमुळे. आमच्या टीममधली एक सहकारी हैफाहून काम करते. तिने लग्नाचे फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. मोकळं मैदान, संध्याकाळची वेळ, आणि मध्ये चार काठ्यांवर ताणलेलं एक पांढरं कापड. काठ्या जमिनीत रोवलेल्या नव्हत्या. चार मित्र हातात धरून उभे होते. त्यातला एक आमचाच टेस्टिंगवाला. रोज त्याचा आवाज कॉलवर ऐकतो, पण इतका गंभीर चेहरा पहिल्यांदाच बघितला. एका फोटोत त्याच्या बाजूचं कापड जरा खाली झुकलंय. मी विचारलं तर म्हणाला, अर्ध्या तासाने हात भरून येतात आणि मध्येच सोडताही येत नाही.

मी शिक्षणाने इंजिनिअर (सिव्हिलवाला नाही, पण पहिल्या वर्षी मेकॅनिक्स सगळ्यांनाच असतं). त्या नजरेने बघितलं तर हे बांधकाम हास्यास्पद आहे. चार उभे खांब, वर आडवी तुळई नाही, तिरका आधार नाही, भिंत तर एकही नाही. वाऱ्याच्या एका झोताने कोसळेल. माणसांनी धरलंय म्हणूनच ते उभं आहे.

आपल्याकडे मांडव असतो. हळदीच्या आधी दारात मांडव पडतो, आपल्या ख्रिस्ती घरांतही पडतो. पण आपल्या मांडवाखाली सगळी वऱ्हाडमंडळी बसते. हुप्पा दोघांपुरता असतो. फार तर रब्बी आणि आईवडील आत मावतात. त्याला चारही बाजूंनी भिंत नसते, आणि यहुदी शिक्षक याचं नातं अब्राहामाच्या तंबूशी लावतात. त्याचा तंबू चारही दिशांना उघडा होता, कुठूनही पाहुणा आला तरी दार शोधायला लागू नये, असं ते सांगतात. उत्पत्ती १८ मधले तीन पाहुणे आठवा. पुष्कळ लग्नांत वरचं कापड म्हणजे प्रार्थनेच्या वेळी घ्यायची शालच असते, तल्लीत. काही समाजांत तर काठ्याही नसतात, ती शालच दोघांच्या डोक्यांवर धरतात.

हे आजचं रूप फार जुनं नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर आपण लगेच म्हणू की योएलच्या काळापासून चार काठ्या आहेत. बायबलच्या काळात हुप्पा म्हणजे वधूसाठी सजवलेली खोली किंवा तंबू. इसहाकाने रिबेकेला आपल्या आईच्या, साराच्या, तंबूत नेलं आणि ती त्याची बायको झाली (उत्पत्ती २४:६७). काठ्यांवर कापड ताणायची रीत आपल्या काळात रूढ आहे, असं १६ व्या शतकात क्राकोवचे रब्बी मोशे इस्सर्लेस लिहून ठेवतात. उघड्या आकाशाखाली हुप्पा उभारायची चालही तेच नोंदवतात: अब्राहामाला दाखवलेल्या ताऱ्यांसारखी संतती होवो म्हणून. म्हणजे खोलीचा तंबू झाला, तंबूचं कापड झालं, आणि शेवटी भिंतीच गेल्या.

तालमुदमध्ये, गित्तीन या भागात, बेतार गावाची एक गोष्ट आहे. ती वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. बेतार म्हणजे यरुशलेमजवळचं ते गाव, जिथे रोमविरुद्धचं बार कोखबाचं बंड इ.स. १३५ मध्ये चिरडलं गेलं. तिथे रीत होती की मुलगा जन्मला की गंधसरूचं रोप लावायचं आणि मुलगी जन्मली की सुरूच्या जातीचं. मुलं मोठी व्हायची, झाडंही वाढायची. लग्न ठरलं की ती दोन झाडं तोडून त्यांच्या लाकडाचा हुप्पा करायचा. एक दिवस बादशहाची मुलगी तिथून जात असताना तिच्या पालखीचा दांडा मोडला. तिच्या माणसांनी समोर दिसलं ते गंधसरू तोडलं आणि दांडा केला. गावकरी धावून आले, मारामारी झाली. बादशहाकडे निरोप गेला की यहुद्यांनी बंड केलंय. आणि फौज आली.

इतिहास म्हणून ही गोष्ट कितपत खरी, हा वेगळा प्रश्न. बंडाची कारणं मोठी होती. पण ज्यांनी ही गोष्ट सांभाळून ठेवली त्यांना ते झाड कसलं होतं ते पक्कं माहीत होतं. पालखीवाल्यांना ते रस्त्याकडेचं लाकूड वाटलं. गावातल्या कुणा आईसाठी तो तिच्या मुलाच्या लग्नाचा खांब होता. वीस वर्षं पाणी घातलेला.

आता माझ्याकडे येतो. तुमच्यापैकी नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की गेल्या वर्षी माझा साखरपुडा झाला. काहींनी मेसेज करून विचारलं की लग्न कधी. मी उत्तर दिलं की फ्लॅटचा ताबा मिळाला की लगेच. ताबा तीनदा पुढे गेला. आधी दिवाळी, मग मार्च, आता सांगतात की लिफ्टचं आणि पाण्याचं काम बाकी आहे. दर रविवारी उपासनेनंतर मी बाईक काढून तिकडे जातो आणि सातव्या मजल्याकडे बघून परत येतो. हप्ता आणि भाडं दोन्ही चालू आहे. माझं म्हणणं सरळ होतं: आधी घर, मग लग्न. जबाबदार माणूस असंच वागतो ना? बिनभिंतीच्या घरात बायकोला कसं आणायचं?

गेल्या महिन्यात फोनवर ती म्हणाली, "तुला माझ्याशी लग्न करायचंय की मला फ्लॅट दाखवायचाय?"

मी म्हणालो, "तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं. मग करारनाम्यात माझं नाव आहे का?"

नव्हतं. बुकिंग साखरपुड्याच्या आधीचं, तेव्हा नसणारच. पण नंतरही मी ते घातलं नव्हतं. "ते नंतर बघू, आता कटकट नको," असं मी म्हणालो. आणि फोन ठेवल्यावर मला स्वतःचाच राग आला, कारण कटकट कागदपत्रांची आहे म्हणून मी टाळत नव्हतो, हे मला माहीत होतं.

अशा मनःस्थितीत तो हुप्प्याचा फोटो आला, आणि दोनच दिवसांनी वाचनात योएल. सुरुवातीला मला त्यातून सोयीचा अर्थ काढायचा मोह झाला. बघ, यहुदी लोक चार काठ्यांखाली लग्न करतात, घर-बिर काही लागत नाही, प्रेम असलं की झालं. हा उपदेश कुठल्याही लग्नात खपेल. पण हुप्प्याखाली काय वाचतात ते शोधायला गेलो आणि तो अर्थ तिथेच मोडला.

यहुदी विवाहाचे दोन भाग आहेत. पहिला एरुसीन, म्हणजे वाग्दान, पण आपल्या साखरपुड्यापेक्षा कितीतरी घट्ट. ते मोडायला सूटपत्र लागतं. दुसरा निस्सुईन, म्हणजे वधूला घरी आणणं. प्राचीन काळी या दोन्हींत बरेच महिने जायचे. पुढे मध्ययुगात दोन्ही एकाच दिवशी, एकाच हुप्प्याखाली होऊ लागले. आधी द्राक्षारसाचा पहिला प्याला आणि अंगठी, मग दुसरा प्याला आणि सात आशीर्वाद. शेवटी नवरा पायाखाली काच फोडतो, ती यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाची आठवण. आणि या दोन भागांच्या मध्ये, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचला जातो तो केतुबा.

केतुबा म्हणजे करारनामा. त्याची भाषा अरामी. त्यात प्रेमकविता नाही, रक्कम आहे. मिशनाप्रमाणे कुमारिकेसाठी २०० झूझ, विधवेसाठी १००. नवरा मेला किंवा त्याने सोडलं तर हे पैसे तिचे. शिवाय तिचं अन्न, तिचं वस्त्र आणि तिचा सहवासाचा हक्क त्याच्यावर बंधनकारक. ही तिन्ही निर्गम २१:१० मधून आली आहेत. वरचं छत इतकं हलकं की हाताने धरावं लागतं, पण त्याच्याखाली जो कागद वाचतात त्यात आकडा आहे, साक्षीदारांच्या सह्या आहेत, आणि तो कागद वधूच्या हातात दिला जातो.

मिशनाच्या केतुबोत या भागात, पाचव्या अध्यायात, अजून एक नियम सापडला. वाग्दान झाल्यावर लग्नाच्या तयारीसाठी मुलीला १२ महिने द्यायचे. जेवढा वेळ तिला, तेवढाच त्यालाही. आणि ती मुदत संपली, तरी त्याने तिला घरी आणलं नाही, तर? तर त्या दिवसापासून तिच्या जेवणाचा खर्च त्याच्यावर. लग्न झालेलं असो वा नसो.

आमच्या साखरपुड्याला १४ महिने झालेत. हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. मी लॅपटॉप बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

त्या शिक्षकांना माणसाचा स्वभाव माहीत होता. "तयारी चालू आहे" असं म्हणत पुरुष किती वर्षं काढू शकतो हे त्यांनी बघितलं असणार. उशिराला कारण असू शकतं, ते ते कारण विचारतही नाहीत. फक्त एवढंच म्हणतात की उशीर तुझा असेल तर त्याची किंमत तिने का मोजायची?

आता यशया ४ काढा. या अध्यायाचं पहिलं वचन आपण सहसा गाळून पुढे जातो. युद्धात पुरुष मेलेत. सात बायका एका पुरुषाला धरतात आणि म्हणतात की आम्ही आमचंच अन्न खाऊ, आमचंच वस्त्र नेसू, तू फक्त आम्हाला तुझं नाव लावू दे, आमची अप्रतिष्ठा दूर कर. निर्गम २१:१० मांडीवर उघडं ठेवून हे वाचा. अन्न नको म्हणतात, वस्त्र नको म्हणतात. म्हणजे केतुब्यातले हक्क त्या स्वतःहून सोडून देताहेत. इतकी हतबल वेळ आली आहे की निदान नाव तरी मिळावं.

आणि चारच वचनांनंतर, त्याच अध्यायात, परमेश्वर हुप्पा उभारतो. सियोन डोंगराच्या सगळ्या वस्तीवर, तिथल्या सभांवर, दिवसा मेघ आणि धूर, रात्री ज्वालेचा प्रकाश, आणि त्या सर्व वैभवावर एक हुप्पा. एका जोडप्यावर नाही, अख्ख्या डोंगरावर. मध्ये चौथ्या वचनात मात्र धुणं आहे, न्यायाचा आणि दहनाचा आत्मा आहे. घाण तशीच ठेवून वर कापड ताणलंय असं होत नाही. त्या सात जणी कुठे गेल्या हे यशया सांगत नाही, पण डोंगरावरच्या वस्तीत त्या होत्याच ना? ज्यांनी हक्क सोडून दिले होते त्यांच्याही डोक्यावर ते छत आलं. मला हा अध्याय असा वाचायला आवडतो. कुणाला वेगळा वाटत असेल तर जरूर लिहा.

छताखाली कुणाला घ्यायचं हा प्रश्न आपल्या मराठी माणसांवरही एकदा आला होता, आणि तो माझ्या वडिलांच्या हयातीतला आहे. कोकणातले बेने इस्राएल आपल्याला माहीत आहेत. शनिवार पाळणारे तेली म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. (सात जोडपी, बघा. लग्नापासूनच सुरुवात.) १९४८ नंतर त्यांच्यातले हजारो लोक इस्राएलला गेले, मराठी बोलत, घरात पोहे करत. तिथे १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने विवाह नोंदणाऱ्यांना सूचना काढली: बेने इस्राएलपैकी कुणी बाहेरच्या यहुद्याशी लग्न करायला आला तर त्याच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. शेकडो वर्षं कोकणात शब्बाथ पाळला, सुंता केली, शेमा म्हटला, आणि आता हुप्प्याखाली उभं राहायला आजीचा पुरावा हवा. लोक चिडले. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी यरुशलेममध्ये ठाण मांडून धरणं धरलं, बायकामुलांसकट. शेवटी पंतप्रधान लेवी एश्कोल यांचं सरकार आणि संसद त्यांच्या बाजूने उभी राहिली आणि त्या वर्षी ऑगस्टअखेर सूचनेतून बेने इस्राएल हे नाव काढावं लागलं.

पुण्यात रास्ता पेठेत त्यांचं सभास्थान आहे, सुक्कथ शेलोमो. सुक्का म्हणजे मांडव, झोपडी. यशयाच्या चौथ्या अध्यायाचं शेवटचं वचन हाच शब्द वापरतं, उन्हात सावली आणि पावसात आसरा म्हणून. त्या रस्त्याने मी कॉलेजात असताना कितीदा गेलोय. पाटीकडे नजर जायची, अर्थ कधी विचारला नव्हता.

आपण ख्रिस्ती लोकांनी हे वाचताना थोडं जपून चालावं असं मला वाटतं. हुप्पा ही यहुदी लोकांची जिवंत गोष्ट आहे. आपल्या सजावटीसाठी उचलून आणायचा तो स्टेज नाही. पण आपला प्रभू ज्या घरात जन्माला आला ते घर याच रीतीतलं होतं हेही खरं. मत्तय १:१८ पुन्हा वाचा. मरीयेचं योसेफाशी वाग्दान झालं होतं, पण ते एकत्र आले नव्हते. म्हणजे एरुसीन झालं होतं, निस्सुईन बाकी होतं. त्या मधल्या महिन्यांतच ती गरोदर राहिली. म्हणून तर योसेफाला गुपचूप सूटपत्र द्यायचा विचार करावा लागला, नुसतं "लग्न मोडलं" म्हणून भागलं नसतं. आणि देवदूताने त्याला काय सांगितलं? आपल्या बायकोला घरी आणायला भिऊ नकोस. झोपेतून उठल्यावर योसेफाने तिला घरी आणलं, एवढंच मत्तय लिहितो. सुतार होता, घर कितपत मोठं असेल? तिच्या डोक्यावर छत धरायचं काम त्याला ठरलेल्या वेळेच्या आधी करावं लागलं, आणि त्याने ते केलं. त्याच्या तोंडचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही.

आता परत योएलकडे. कारण खरा काटा तिथेच आहे.

अनुवाद २४:५ प्रमाणे नव्या नवऱ्याला एक वर्ष युद्धातून सूट होती. घरी राहावं, बायकोला आनंदी करावं. इतका मान होता त्या खोलीला. पण मिशना, सोटा या भागात, एक फरक करते: ही सूट राजाच्या ऐच्छिक युद्धापुरती. जे युद्ध कर्तव्य म्हणून आलं आहे त्यात सगळ्यांनीच निघायचं, नवऱ्याने आपल्या खोलीतून आणि नवरीनेही आपल्या हुप्प्यातून. शब्द योएलचेच. आयुष्यात ज्या जागी कुणी हात लावू नये अशी एकच जागा असेल तर ती ही, आणि देव तिथेही हाक मारतो. पहिल्या अध्यायाचं आठवं वचन आठवा, तरुणपणीच्या नवऱ्यासाठी गोणपाट नेसून रडणारी मुलगी. योएलच्या पुस्तकात हुप्प्याच्या आत शिरायची हमी कुणालाच नाही, आणि आत गेलं तरी तिथेच बसायची मुभा नाही.

स्तोत्र १९ मध्येही तसंच आहे, फक्त आनंदाच्या सुरात. सूर्य नवऱ्यासारखा हुप्प्यातून बाहेर पडतो आणि वीरासारखा आपली धाव धावतो. तिथेही हुप्पा म्हणजे निघायची जागा आहे. तीन वचनांपैकी दोन वचनांत माणूस हुप्प्यातून बाहेर येतोय. एकदा उपासासाठी, एकदा कामासाठी. तिसऱ्या वचनात देव स्वतः तो उभारतो, आणि तिथून बाहेर यायला कुणी सांगत नाही.

मी मात्र सातव्या मजल्यावर अशी जागा बांधून घेत होतो की एकदा दार लावलं की झालं. भिंती पक्क्या, लॉक डिजिटल, नाव माझं. आणि तिला म्हणत होतो, तुझ्यासाठीच.

या आठवड्यात मी दोन गोष्टी केल्या. वकिलाला भेटलो. नाव घालायला पुरवणी करार लागतो, नोंदणी लागते, बँकेची संमती लागते, म्हणजे कटकट आहेच, पण सहा आठवड्यांत होईल म्हणतात. कागदांचा मसुदा मी तिला पाठवला. तिने वाचून दोन चुका काढल्या. एक तिच्या आडनावाच्या स्पेलिंगची, आणि दुसरी हिश्शाच्या टक्क्यांची. मी ७०–३० लिहिलं होतं, हप्ता मी भरतोय म्हणून. ती म्हणाली, "हप्ता लग्नानंतर कुणाच्या पगारातून जाणार, ते आधी ठरवू, मग टक्के लिही." त्यावर आमचं दीड तास बोलणं झालं. १४ महिन्यांत पैशाबद्दल आम्ही पहिल्यांदाच सरळ बोललो. शेवटी ५०–५० लिहिलं. राग आला होता का? थोडा आला होता, खोटं कशाला सांगू. अजून पूर्ण गेलेला नाही.

दुसरं म्हणजे पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, घर मिळालं का? मी म्हटलं, नाही, सध्याच्याच भाड्याच्या वन-आरकेमध्ये राहणार. ते हसले आणि म्हणाले, आमचा संसार अहमदनगरला चर्चच्या मागच्या एका खोलीत सुरू झाला, पावसाळ्यात पाच ठिकाणी भांडी ठेवायचो. पप्पांना सांगितलं तेव्हा मात्र ते गप्प झाले. लोक काय म्हणतील ही त्यांची काळजी आहे, आणि मला ती आता थट्टेवारी नेता येत नाही, कारण काल-परवापर्यंत तीच माझी होती. त्यांच्यासाठी प्रार्थना करा.

येत्या रविवारी उपासनेत आमच्या लग्नाची पहिली सूचना वाचली जाईल. हैफाच्या मैत्रिणीला कळवलं, तर तिने विचारलं, काठ्या धरायला चार जण आहेत का तुझ्याकडे? मी सांगितलं की आमच्यात काठ्या नसतात. ती म्हणाली, ते ठीक, पण चार जण आहेत का?

मी अजून मोजतोय. तीन नावं पक्की आहेत.

उद्याचं वाचन: योएल २:१८–२७.